पहिला कॅमेरा आणि हातात २५ हजार: सोलापुरात राहून नीट खरेदी कशी करावी

गेल्या दिवाळीत जुळे सोलापुरातून भाची आली आणि चहाचा कप हातात घेताघेताच म्हणाली, "मामा, पंचवीस हजार साठलेत. चांगला कॅमेरा येईल का?"

येतो. मात्र दुकानात शिरून "पंचवीसपर्यंत काय आहे?" असं विचारलं तर येत नाही. माझा पहिला कॅमेरा मी तसाच घेतला होता. सगळे पैसे एकदम टाकले, नवी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि तिच्याबरोबर दोन लेन्सचा सेट घेतला, वर बॅग मिळाली म्हणून खूश होऊन घरी आलो. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेलो. दिवसा नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो बरे आले. दिवेलागणीनंतरचा मात्र एकही फोटो धड नव्हता. माणसं हललेली, आकाशात रवा सांडल्यासारखे ठिपके. कॅमेऱ्यात दोष नव्हता. त्या दोन्ही लेन्स रात्री पुरेसा उजेड आत घेऊ शकत नव्हत्या, आणि तिसरी घ्यायला खिशात काही उरलं नव्हतं.

म्हणून भाचीला जे सांगितलं आणि तिच्याबरोबर फिरून जे केलं, ते इथे क्रमाने लिहितो. पैसे मोजके असतील तर बॉडी जुनी चालते, पण लेन्स उजेड घेणारी हवी. पुढचं सगळं यावरच बेतलेलं आहे.

आधी फसलेले फोटो काढून बसा

कुठला कॅमेरा घ्यायचा हे दुकानदाराला कळत नाही, यूट्यूबवरच्या माणसालाही कळत नाही. ते तुमच्या फोनला माहीत असतं. फोनची गॅलरी उघडा आणि गेल्या सहा महिन्यांतले मनासारखे न आलेले वीसेक फोटो बाजूला काढा. प्रत्येक फोटो का फसला ते एका शब्दात लिहा. अंधार होता? समोरचा हलत होता? लांब होता? की मागचा पसारा इतका दिसतो की चेहरा त्यात हरवला?

भाचीच्या वीसपैकी बारा फोटोंपुढे "अंधार" लिहिलं गेलं. त्यातले सात तिच्या बाबांच्या कारखान्यातले होते. दाजी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, आहेत. शेडमध्ये ट्यूबलाइटचा उजेड, माग चालू, हात सतत हलणारे. फोनने प्रत्येक वेळी हातांचा धूर करून ठेवला होता. तीन फोटो नान्नजच्या माळरानावरचे होते, काळवीट म्हणजे गवतात एक तपकिरी ठिपका. राहिलेले घरातले.

एक फोटो मात्र मी यादीतून काढायला लावला. हत्तरसंग कुडलच्या देवळातला शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख तिने टिपला होता आणि अक्षरं सपाट आली होती. हा फोटो कॅमेऱ्याअभावी फसला नाही, उजेडाच्या दिशेमुळे फसला. कोरलेल्या अक्षरांवर समोरून फ्लॅश मारला की खोली पुसली जाते. बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून टॉर्च धरली की फोनवरही अक्षरं उठून दिसतात. असे फोटो यादीत मोजू नका. त्यांच्यासाठी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

तुमचे फसलेले फोटो मोजकेच निघाले आणि बाकी सगळे दिवसाउजेडी घरच्यांना पाठवायचे असतील, तर मनापासून सांगतो, कॅमेरा घेऊ नका. आजचा बरा फोन त्या कामाला पुरतो.

पैशांची वाटणी आधी करा

दुकानात जाण्याआधी पैसे कागदावर वाटून टाका. भाचीचे २५ हजार आम्ही असे वाटले: सेकंडहँड बॉडी आणि तिच्यासोबत येणारी साधी किट लेन्स मिळून १६ हजार, मोठ्या अॅपर्चरची (म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र मोठं उघडणारी) एक सेकंडहँड लेन्स ६ हजार, मेमरी कार्ड आणि जास्तीची बॅटरी २ हजार, बॅग आणि साफसफाईचं साहित्य १ हजार. भाव महिन्यागणिक खाली-वर होतात, त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे धरू नका. प्रमाण लक्षात ठेवा. बॉडी आणि किट लेन्सवर दोन तृतीयांशापेक्षा जास्त घालवायचं नाही.

नवाच हवा असेल तर हे बजेट पुरत नाही, थांबून आणखी साठवावं लागेल. वॉरंटीची खात्री ज्यांना हवी आहे त्यांनी जरूर थांबावं. पण २५ हजारांत "कोरा करकरीत, सीलबंद" मिळतोय म्हणून भलतंच काही घेऊ नका. ऑनलाइन बाजारात अनोळखी नावांचे, ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल असं मोठ्या अक्षरांत लिहिलेले छोटे कॅमेरे मिळतात. आत नखाएवढा सेन्सर असतो आणि मेगापिक्सेलचा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. तुमचा फोन त्याहून चांगले फोटो काढतो.

मेगापिक्सेल सोडा, सेन्सर विचारा

सेन्सर म्हणजे उजेड झेलणारं ताट. पावसात मोठी परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाणी जमतं, तसंच हे. छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यांत आणि बहुतेक लांब झूमच्या कॅमेऱ्यांत सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो. एपीएस-सी नावाचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, कॅननचा किंचित लहान. क्षेत्रफळात हा फरक बारा-तेरा पट होतो. फुल फ्रेम त्याहून मोठा, ३६ बाय २४, पण या बजेटात त्याचा विचार नको. मधला एक मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ बाय १३. आपल्याला हवा एपीएस-सी. मायक्रो फोर थर्ड्स चांगल्या लेन्ससकट स्वस्तात मिळाला तर तोही चालेल.

मेगापिक्सेलचा हिशोब एकदाच करून टाका म्हणजे मनातून जाईल. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. ८ बाय १२ इंचाच्या फोटोला २४०० बाय ३६०० ठिपके लागतात, म्हणजे साडेआठ-पावणेनऊ मेगापिक्सेल. लग्नाच्या अल्बमच्या १२ बाय १८च्या पानालाही साडेएकोणीस पुरतात. फुल एचडी टीव्हीला तर फक्त दोन लागतात. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आजही कमी पडत नाही.

डीएसएलआर की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर डोळ्याकडे जातो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, तो "खट्ट" आवाज त्याचाच. मिररलेसमध्ये आरसा नसतो, समोरचं दृश्य छोट्या पडद्यावर दिसतं. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ साली फुल फ्रेम मिररलेसचे नवे माउंट (लेन्स बसवायची खोबण) आणले, आणि तेव्हापासून कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे आहे. उद्याचा कॅमेरा तोच.

पण आपल्याकडे पैसे आजचे आहेत. सगळे मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स सेकंडहँड बाजारात स्वस्त झाल्या आहेत, आणि त्याचा फायदा आपण घ्यायचा. बॅटरी खूप टिकते, निकॉन डी३५००ची अधिकृत नोंद एका चार्जला १,५५० फोटोंची आहे. यात्रेत दिवसभर फिरणाऱ्याला हे मोलाचं आहे. पुढे मिररलेस घेतलात तरी कॅननच्या ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून कॅननच्या नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सचंही तसंच आहे. म्हणजे आज लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

मिररलेसच घ्यायचा असेल तर या पैशांत २०१४चा सोनी ए६००० बघावा. वय झालं असलं तरी फोकस अजून वेगवान आहे आणि सेकंदाला ११ फोटो काढतो. बॅटरी मात्र लवकर संपते, दोन जास्तीच्या धरूनच चाला. कॅननचे ईएफ-एम माउंटचे छोटे मिररलेस स्वस्त दिसतील. कॅमेरे छान आहेत, पण त्या माउंटला आता पुढे वाट नाही आणि त्या लेन्स कॅननच्या नव्या बॉडीला लागतही नाहीत. मी तरी भाचीला तिकडे जाऊ दिलं नाही. ज्यांना मुख्यतः व्हिडिओ करायचा आहे त्यांना डीएसएलआर सुचवणार नाही. २०१५चा पॅनासॉनिक जी७ फोरके रेकॉर्ड करतो, तो बघा.

कुठली मॉडेल धुंडाळावीत

निकॉनमध्ये डी३४००, डी३५००, डी५३०० आणि डी५६००. चारही २४ मेगापिक्सेलचे. डी३५०० हातात पिसासारखा वाटतो, नुसती बॉडी, बॅटरीशिवाय, ३६५ ग्रॅम. डी५३०० आणि डी५६०० यांची स्क्रीन बाहेर वळते आणि फोकसचे ३९ बिंदू आहेत.

कॅननमध्ये ७५०डी आणि २००डी. १५००डी नवा घ्यायचा विचार अनेक जण करतात. फोटो चांगले येतात, पण फोकसचे बिंदू नऊच. त्याहून जुन्या, २०१५च्या ७५०डीला १९ आहेत, शिवाय वळणारी टचस्क्रीन. २०१७च्या २००डीला मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना अतिशय चांगला फोकस मिळतो. बजेटात २००डी बसला तर डोळे मिटून घ्या. आम्हाला तो थोडक्यात हुकला, म्हणून ७५०डी घेतला.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण इथे बरेच जण फसतात. वर सांगितलेल्या चारही निकॉन बॉडींत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तरच ऑटोफोकस चालतो. ५० मिमी एफ १.८ डी ही जुनी लेन्स स्वस्त मिळते, बसतेही, पण तिचा फोकस हाताने फिरवावा लागतो. त्याच नावाची "जी" लेन्स विचारा.

खरा पैसा लेन्सचा

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स वाईट नसते (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). दिवसा ती कुठेही चालते. तिची अडचण एकच: झूम केल्यावर अॅपर्चर एफ ५.६च्या वर उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). एफ १.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दाजींच्या शेडमध्ये याचा अर्थ काय होतो ते मोजून सांगतो. किट लेन्सने शटर १/१० सेकंद उघडं ठेवावं लागायचं, त्यात हात हललाच समजा. एफ १.८वर तोच उजेड १/१०० सेकंदात मिळतो. बॉडी तीच, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) तोच, आणि हात स्पष्ट.

शेडमध्ये १/१०० हाच आकडा निवडायला आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण त्याहून वेगळ्या, वेगवान शटरवर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळसर असं होतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की हा त्रास जातो. मेन्यूत फ्लिकर कमी करायचा पर्याय असेल तर तो ५० हर्ट्झवर ठेवा.

५० मिमी की ३५ मिमी, हा पुढचा प्रश्न. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी लेन्स ७५ ते ८० मिमीसारखी दिसते. चेहऱ्यांना ती सुंदर, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि तरी दोनच माणसं मावतात. घरातले समारंभ, मुलं, स्वयंपाकघर हे तुमचे विषय असतील तर ३५ मिमी बरी. निकॉनवाल्यांना ३५ मिमी एफ १.८ जी डीएक्स ही लेन्स आहे, ती घेतली की वर्षभर दुसरी बघायला नको. कॅननमध्ये स्वस्त आणि सहज मिळणारी ५० मिमी एफ १.८ एसटीएम. शेड लांबलचक, मागे सरकायला जागा भरपूर, म्हणून भाचीला ५० चालली.

तुमच्या यादीत "लांब होता" जास्त वेळा आलं असेल तर वाटणी बदला. ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची लेन्स धरा. काळवीट त्यात बऱ्यापैकी येतो. पक्षी मात्र २५० मिमीत लहानच दिसतात, हे पैसे देण्याआधी माहीत असू द्या. नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी आहे आणि तो पक्षी आता नाहीसा होण्याच्या काठावर आहे. लेन्स कमी पडते म्हणून रस्ता सोडून गवतात शिरू नका, घरट्यांच्या दिवसांत तर मुळीच नाही.

कुठे घ्यायचा

आधी हातात धरून बघा. नवी पेठेत किंवा तुमच्या भागात कॅमेऱ्याचं दुकान असेल तर दोन-तीन बॉडी मागा, पकड बघा, करंगळी खाली लोंबते का बघा, डोळा लावून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. दुकानदाराचा वेळ घेतला तर कार्ड, बॅग तरी त्याच्याकडूनच घ्यावी, असं मला वाटतं.

नवा घेताना पक्कं बिल, बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरीयल नंबर, आणि भारतातली वॉरंटी. "बिलाशिवाय तीन हजार कमी" म्हणणाऱ्याकडे बाहेरून आणलेला माल असू शकतो, त्याला इथे वॉरंटी मिळत नाही. सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे तेही विचारा. कॅमेरा पुण्याला पाठवावा लागणार असेल तर जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे आत्ताच ठरलेलं बरं.

सेकंडहँड तीन ठिकाणी मिळतो. लग्नाचे फोटोग्राफर बॉडी बदलतात तेव्हा त्यांच्याकडे. हे कॅमेरे निगुतीने ठेवलेले पण प्रचंड वापरलेले असतात. हौशी लोकांकडे, विशेषतः कॉलेज संपलेल्या मुलांकडे. इथे वापर कमी, मात्र लेन्स कपाटात पडून बुरशी धरलेली असू शकते. आणि ऑनलाइन जाहिराती. तिथे "मी सैन्यात आहे, बदली झाली, आधी थोडे पैसे पाठवा, कॅमेरा कुरिअर करतो" असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. कॅमेरा हातात, तपासून झालेला, मगच पैसे.

जुना कॅमेरा तपासताना

या कामाला घाई नको. दिवसा जा, अर्धा-पाऊण तास मागून घ्या, स्वतःचं मेमरी कार्ड, मोबाइलची टॉर्च आणि एक सोलापुरी चादर बरोबर न्या. चादर का ते सांगतो.

आधी बाहेरून बघा. कोपऱ्यावर ठेच, लेन्स बसते त्या धातूच्या कड्यावर ओरखडे, स्क्रूच्या डोक्यावर खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर कॅमेरा पडलेला किंवा उघडलेला आहे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर असेल तर पाणी गेलंय. प्रत्येक बटण, प्रत्येक चकती फिरवा. वरचा फ्लॅश उघडून एकदा मारा.

मग शटर. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये आतापर्यंत किती वेळा शटर उघडलं तो आकडा असतो, शटर काउंट वाचणाऱ्या अॅपमध्ये तो दिसतो. नवशिक्यांसाठीच्या बॉडींचं शटर साधारण एक लाखाच्या आसपास धरून चालतात. वीस-तीस हजार असेल तर उत्तम, नव्वद हजार असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडा. कॅननच्या या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये हा आकडा नसतो, तिथे वापराच्या खुणांवरूनच अंदाज घ्यावा लागतो. रबर गुळगुळीत झालंय का, बटणांवरची अक्षरं पुसलीत का.

सेन्सरसाठी अॅपर्चर एफ १६ करा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोकस बिघडवून फोटो काढा. मोठा करून बघा. करडे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. ओरखडा असेल तर कॅमेरा परत द्या. मग लेन्सला टोपण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा. काळ्यात एखाददुसरा रंगीत ठिपका चालतो, चांदण्यासारखे दिसले तर नको.

लेन्स काढून अॅपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. बारीक धुळीचे कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांना घाबरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

आता चादर. गच्चीवर सावलीतल्या भिंतीला ती चिमट्यांनी ताणून लावा. दोन मीटरवर, अगदी समोरासमोर उभं राहा आणि अॅपर्चर पूर्ण उघडून १८, ३५ आणि ५५ मिमीवर फोटो काढा. चादरीची नक्षी आणि विणीचे टाके कडेपर्यंत सारखे असतात, त्यामुळे लेन्सचा दोष लपत नाही. चारही कोपरे किंचित मऊ आले तर तो किट लेन्सचा स्वभाव. पण होटगी रोडवर आम्ही जो पहिला कॅमेरा बघितला त्यात मधली फुलं लख्ख आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातली विरघळल्यासारखी आली. आपणच तिरके उभे नाही ना, हे बघायला कॅमेरा उलटा धरून तोच फोटो परत घ्यायचा. चादरीचा तोच कोपरा पुन्हा मऊ आला तर चूक आपली. या वेळी वरचा डावा कोपरा मऊ आला. म्हणजे लेन्सच्या आतली काच सरकलेली. मालकाला बहुधा ठाऊकही नव्हतं. चहा पिऊन आम्ही निघालो. पुढच्या रविवारी दुसरा कॅमेरा बघितला, चादर चारही कोपऱ्यांत सारखी आली, आणि तोच घेतला. मूळ बिल होतं, बिलावरचा नंबर बॉडीच्या खालच्या नंबराशी जुळला. हे जुळवणं विसरू नका, चोरीचा कॅमेरा गळ्यात पडायला नको.

वरखर्चाच्या वस्तू

मेमरी कार्ड ६४ जीबीचं, त्यावर व्ही३० ही वेगाची खूण असलेलं, नावाजलेल्या कंपनीचं आणि ओळखीच्या दुकानातून. बनावट कार्डं भरपूर आहेत. ती ६४ दाखवतात आणि ८ जीबीनंतरचे फोटो गिळून टाकतात. नवं कार्ड एकदा संगणकावर पूर्ण भरून, परत वाचून बघा. जास्तीची एक बॅटरी. फुंकर मारायचा रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. महागडा यूव्ही फिल्टर नको, त्याऐवजी लेन्स हुड घ्या. ठेचही वाचते आणि आडवं ऊनही. ट्रायपॉड पहिल्या महिन्यात लागत नाही.

आपल्या हवेत जपायचं कसं

कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. दुपारी बारा ते चार बाहेर काढायचाच असेल तर पिशवीत सुती टॉवेलमध्ये गुंडाळा, फोटो काढला की परत आत. स्कूटरच्या डिकीत कधीही ठेवू नका. तिथे उष्णता कोंडते, शिवाय खड्ड्यांचे हादरे बसतात.

कारखान्यात लेन्स बदलू नका. सुताची उडणारी तूस डोळ्याला दिसत नाही, पण सेन्सरवर जाऊन चिकटते. बाहेर येऊन, बंद खोलीत, बॉडीचं तोंड खाली करून बदला.

पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की पुड्या वाळवून परत टाका. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून वापरा.

पहिला महिना

सगळं ऑटोवर ठेवू नका आणि पहिल्या दिवशी मॅन्युअललाही जाऊ नका. अॅपर्चर प्रायॉरिटी ठेवा (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२०० करा. पहिले पंधरा दिवस फक्त ५० किंवा ३५ची लेन्स लावून फिरा. झूम नसली की माणूस पायाने पुढे-मागे होतो. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी, संध्याकाळी किल्ल्याच्या बागेत, एकच जागा दोन्ही वेळांना काढून शेजारी ठेवा. उजेड काय करतो ते तिथे कळतं.

गड्ड्याला जाणार असाल तर एक गोष्ट आधी घरी करून बघा. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या छटेत धरतो. पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांनी चौकट भरली की तो बिचकतो आणि फोटो काळपट काढतो, पांढरा रंग मळकट येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, अधिक ०.७ ते अधिक १ वर न्या. घरी पांढरा सदरा दोरीवर टाकून सराव करता येतो. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला ट्रायपॉड लागतोच, मागून आणा. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ ते ११, फोकस लांबच्या दिव्यावर धरून मग मॅन्युअलवर टाका आणि शटर तीन ते सहा सेकंद उघडं ठेवा.

भाची जानेवारीत गेली ती ५० मिमी लावून. एफ २, १/१६०, आयएसओ ३२००. पाळण्यांच्या दिव्यांत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बांगडीवालीचा फोटो तिने रात्री नऊला मला पाठवला. हातातल्या प्रत्येक बांगडीची कड वेगळी मोजता येत होती. साडेनऊला फोन आला, पहिली बॅटरी संपली, दुसरी घातली, अजून तासभर थांबते.